आला स्लीपर कोचने, गेला अ‍ॅम्ब्युलन्समधून

अडगळीतला (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०:५०

मागे एका धाग्यावर मी बोलता बोलता लिहून गेलो की मुसोलिनीने सत्ता घेतली नाही, त्याला ती घरपोच मिळाली. लगेच तिघा-चौघांनी फैलावर घेतलं: मग रोमवरचा मोर्चा काय होता? तिथेच उत्तर देत बसलो असतो तर तो धागा वाया गेला असता (पास्त्याच्या पाककृतीचा होता हो, बिचारीने फोटोही छान टाकले होते). म्हणून हा वेगळा काढला. मी इतिहासाचा मास्तर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण या एका प्राण्यावर गेली दहा-बारा वर्षं मिळेल ते वाचतोय.

तर मोर्चा. ऑक्टोबर १९२२. काळे सदरे घातलेले पंचवीस-तीस हजार लोक रोमच्या बाहेर दोन-तीन ठिकाणी जमलेत. पाऊस कोसळतोय. कोणाकडे जुनी बंदूक, कोणाकडे नुसता सोटा. खाण्यापिण्याची बोंब. शहरात सैन्याची भक्कम शिबंदी. पंतप्रधान फाक्ताच्या मंत्रिमंडळाने २८ तारखेच्या पहाटे लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला, जिल्ह्याजिल्ह्याच्या प्रीफेक्टना (आपले कलेक्टर म्हणा) ताराही सुटल्या. फक्त राजाची सही बाकी. फाक्ता सकाळी कागद घेऊन गेला आणि तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल म्हणाला, नाही करत सही. का, याची कारणं बरीच सांगतात. सैन्य गोळी झाडेल की नाही ही शंका होती, चुलतभाऊ आओस्ताचा ड्यूक फॅसिस्टांच्या बाजूचा म्हणून गादीची धास्ती होती. दुपारपर्यंत हुकूम मागे घेतल्याच्या ताराही गेल्या. खेळ तिथेच संपला.

आणि मोर्चाचा पुढारी? तो मोर्चात नव्हताच. मिलानमध्ये आपल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बसला होता. बेत फसलाच तर रोम पाच-सहाशे किलोमीटर लांब आणि स्वित्झर्लंडची हद्द जवळ. राजाचं बोलावणं आल्यावर २९ च्या रात्रीच्या गाडीने, झोपायच्या डब्यातून निघाला, ३० ला सकाळी रोमला उतरला आणि ३९ व्या वर्षी पंतप्रधान झाला. काळ्या सदरेवाल्यांना ३१ ला शहरातून मिरवू दिलं आणि मग खास गाड्या सोडून आपापल्या गावी परत धाडलं. लग्न लागून गेल्यावर वऱ्हाड गावात शिरलं, असला प्रकार. पुढची वीस वर्षं मात्र शाळेत पोरांना शिकवलं ते 'क्रांती' म्हणून.

आता तीन वर्षं मागे चला. २३ मार्च १९१९ ला मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकातल्या एका सभागृहात त्याने आपला फाशिओ (फॅसिस्टांची पहिली संघटना) काढला तेव्हा तो समाजवादी पक्षातून हाकलून दिलेला संपादक होता. बाप लोहार आणि कट्टर समाजवादी. पोराचं बेनितो हे नावही मेक्सिकोच्या बेनितो हुआरेझवरून ठेवलेलं. असा पोरगा 'अवान्ती' या पक्षाच्या मुखपत्राचा संपादक होतो, आणि १९१४ ला महायुद्धात उतरा म्हणतो म्हणून पक्षाबाहेर जातो. संपादकपद सोडल्यावर महिनाभराच्या आत नवं वर्तमानपत्र हजर. पैसा कुठून? इटलीतले कारखानदार, फ्रेंच सरकार. १९१७ मध्ये तर ब्रिटिश गुप्तहेर खातं त्याला आठवड्याला शंभर पौंड मोजत होतं, ही नोंद आता उघड आहे.

१९१९ च्या नोव्हेंबरात पहिली निवडणूक लढवली. जागा शून्य. खुद्द मिलानमध्ये मतं पाच हजारांच्या आत. समाजवाद्यांच्या १५६ जागा आल्या आणि त्यांनी मिलानच्या रस्त्यांवरून मुसोलिनीच्या नावाची तिरडी काढली, शवपेटी-बिवपेटीसकट. माणूस संपला होता.

त्याला उठवलं ते पो नदीच्या खोऱ्यातल्या जमीनदारांनी. १९२० मध्ये शेतमजुरांच्या संघटना मजुरीचे दर ठरवत होत्या, कोणाला कामावर घ्यायचं हेही ठरवत होत्या. सप्टेंबरात उत्तरेकडचे कारखाने कामगारांनी ताब्यात घेतले. मालक हादरले. मग फेरारा, बोलोन्या, क्रेमोना भागात रात्रीचे ट्रक फिरू लागले. पेट्रोलचा खर्च जमीनदाराचा, पोरं लढाईवरून परतलेली. संघटनेच्या कचेऱ्या पेटवायच्या, पुढाऱ्याला घरातून ओढून सोट्याने बडवायचा आणि वर लिटरभर एरंडेल पाजायचं. एरंडेलाचं ऐकून हसू येतं, पण विचार करा. गावातला मान असलेला, पन्नाशीचा माणूस भर चौकात, बायकापोरांदेखत कपड्यात घाण करतो. मारलेला माणूस हुतात्मा होतो. हा माणूस पुन्हा सभेत उभा राहत नाही. शिवाय काही जण त्याने मेलेही. पोलीस तिकडे पाठ करून उभे.

आणि मग म्हातारा जोलित्ती. पाच वेळा पंतप्रधान झालेला मुरलेला गडी. त्याने हिशेब केला की या पोरांना आपल्या आघाडीत घेऊ, समाजवाद्यांना वचक बसेल, नंतर यांना माणसाळवू. मे १९२१ मध्ये त्याच्या कडेवर बसून फॅसिस्टांचे ३५ जण संसदेत गेले. दीड वर्षाने जेव्हा मुसोलिनी पंतप्रधान म्हणून सभागृहात उभा राहिला आणि म्हणाला की मनात आणलं असतं तर या करड्या सभागृहाची मी माझ्या टोळ्यांची छावणी करून टाकली असती, तेव्हा त्याच सभागृहाने ३०६ मतांनी त्याच्यावर विश्वास दाखवला. त्यात फॅसिस्ट पस्तीसच होते. बाकीचे कोण ते तुम्हीच मोजा.

मातेओत्ती प्रकरण आणि पुढची घसरण उद्या लिहितो. डोळे दुखायला लागले.

पारिजातक · शनिवार, रात्री ११:३२

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). एरंडेलाचा परिच्छेद वाचून गारठले. आम्हाला शाळेत 'मुसोलिनीने रोमवर चाल करून सत्ता काबीज केली' असं एका ओळीत होतं, दोन गुणांना.

शेवटची_लोकल · रविवार, सकाळी ८:१०

लेख चांगला आहे पण एकतर्फी आहे काका. गाड्या वेळेवर धावायला लागल्या, दलदल सुकवून गावं वसवली, सिसिलीतला माफिया मोडला, हे कोण लिहिणार? लोकांना शिस्त हवी होती म्हणून तर वीस वर्षं टिकला. नुसत्या एरंडेलावर कोणी वीस वर्षं टिकत नाही.

ताम्हणघाट · रविवार, सकाळी ९:०५

शेवटचं वाक्य मान्य, आधीची नाहीत.

गाड्या: महायुद्धात मोडकळीला आलेली रेल्वे दुरुस्त करायचं बरंचसं काम १९२२ च्या आधीच झालं होतं. पर्यटक बसायचे त्या मोठ्या मार्गांवर सुधारणा झालीही, आणि परदेशी पाहुणे तेच घरी जाऊन सांगत. मी रेल्वेत ३१ वर्षं काढली. मेल एक्सप्रेस वेळेवर दाखवायची असेल तर पॅसेंजर कुठल्या सायडिंगला कुजवायची हे मला शिकवू नका.

माफिया: १९२५ मध्ये चेझारे मोरी या प्रीफेक्टला पालेर्मोत पाठवला, त्याने गावंच्या गावं वेढून शेकडोंनी माणसं आत टाकली. १९२९ मध्ये त्याला परत बोलावून 'माफिया संपला' म्हणून जाहीर केलं. संपला असता तर युद्धानंतर पुन्हा कुठून आला? पेपरात बातमी देणं बंद झालं होतं.

दलदल: हे खरं आहे. रोमच्या दक्षिणेची पोंतिने दलदल सुकवली, १९३२ ला लित्तोरिया नावाचं नवं शहर वसवलं, मलेरिया हटला. श्रेय द्यायला हरकत नाही. फक्त १९४३ मध्ये त्याच्याच मित्राच्या फौजेने म्हणजे जर्मनांनी तिथे पुन्हा पाणी सोडलं आणि मलेरिया परत आला, तेही लिहा.

शिस्तीचं बिल कोणी भरलं? १९२६ ला संपावर बंदी. १९२७ ला लिरा या चलनाचा भाव वर चढवण्याच्या हट्टापायी मजुरीत सरसकट कपात. संप करता येत नाही म्हणून गप्प बसलेल्या माणसाला शिस्तप्रिय म्हणत असाल तर प्रश्नच मिटला.

शेवटची_लोकल · रविवार, सकाळी ९:२०

ठीक. सायडिंगचा मुद्दा घेतला.

गणूमास्तर · रविवार, सकाळी १०:४४

शब्दाविषयी थोडं. फाशिओ म्हणजे मोळी. प्राचीन रोममध्ये दंडाधिकाऱ्यापुढे सेवक चालत, त्यांच्या खांद्यावर काठ्यांची बांधलेली मोळी आणि मध्ये कुऱ्हाड असे. फटके आणि शिरच्छेद, दोन्हींचा अधिकार. १८९० च्या सुमारास सिसिलीतल्या शेतमजुरांच्या डाव्या संघटनाही स्वतःला 'फाशी' (फाशिओचं अनेकवचन) म्हणवत, म्हणजे शब्द आधी डावीकडचाच. आपल्याकडे हल्ली कोणीही कोणालाही फॅसिस्ट म्हणतं. आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे आखणाऱ्या सेक्रेटरीलाही परवा ही पदवी मिळाली. सेक्रेटरी मनातून खूष दिसला.

मिरचीभजी · रविवार, दुपारी १२:१५

मराठी संबंध कोणीच काढत नाही म्हणून मीच काढते. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये गोलमेज परिषदेहून परतताना रोमला थांबले, १९ तारखेला पालाझ्झो व्हेनेझियामध्ये मुसोलिनीला भेटले, 'बलिला' या पोरांच्या लष्करी संघटना हिंडून पाहिल्या, डायरीत कौतुकाने लिहिलं आणि १९३७ ला नाशिकला सैनिकी शाळा काढली. यावर गप्प का?

नागपुरी_संत्रं · रविवार, दुपारी १२:४०

झालं सुरू! मग गांधीजीही त्याच वर्षी डिसेंबरात त्याला भेटले, ते नाही लिहिलंत. टागोर १९२६ ला त्याचे पाहुणे होते. सुभाषबाबू भेटले. सगळ्यांचं लिहा नाहीतर कोणाचंच नको.

मिरचीभजी · रविवार, दुपारी १२:५८

लिहिते की. टागोरांनी इटलीतून बाहेर पडल्यावर त्याच वर्षी इंग्लंडच्या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून फॅसिझमचा निषेध केला. नेहरू १९३६ मध्ये कमलाबाई गेल्यावर परतताना वाटेत रोमला थांबले होते, भेटीचा आग्रह झाला, ते गेले नाहीत. भेटणं आणि भेटून आल्यावर काय करणं, यात फरक आहे एवढंच म्हणणं आहे.

गणूमास्तर · रविवार, दुपारी १:३०

दोघंही जरा थांबा. तो काळ बघा. मॅझिनी, गॅरिबाल्डी ही नावं मराठी घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गोष्टीतल्या मामा-काकांसारखी झाली होती. तुकड्यातुकड्यांत विभागलेला, परक्यांखाली भरडलेला देश उभा राहतो, ही इटलीची गोष्ट आपल्या लोकांना आपलीच वाटे. त्यामुळे त्या देशात पुढे कोणी छाती काढून उभा राहिला की इकडे पुण्या-नागपूरच्या पेपरांत टाळ्या पडायच्या. एरंडेलाची बातमी तेवढी पोचत नसे. १९३१ पर्यंत पोचायला हवी होती, हेही खरं.

व्यवस्थापक · रविवार, दुपारी २:०५

१९४५ च्या पुढे सरकून आजच्या पक्षांवर येणारे सहा प्रतिसाद उडवले आहेत. धागा इटलीतच ठेवावा.

अडगळीतला · रविवार, रात्री ९:४०

आभार सगळ्यांचे. उरलेलं लिहितो. मधली वर्षं भरभर घेतो, कारण मला बोलायचंय ते दोन टोकांविषयी.

१९२३ ला अचेर्बो कायदा: ज्याला सर्वांत जास्त मतं, आणि ती किमान पाव तरी, त्याला दोनतृतीयांश जागा. हाही त्याच संसदेने, त्याच सभ्य लोकांनी मंजूर केला. एप्रिल १९२४ च्या निवडणुकीत सोटे आणि कायदा दोन्ही कामाला आले. ३० मे ला जाकोमो मातेओत्ती हा समाजवादी खासदार उठला आणि आरडाओरड्यात, टेबलांवर मुठी आपटल्या जात असताना, कुठे काय दांडगाई झाली ते जिल्ह्यावार सांगत गेला. खाली बसल्यावर शेजाऱ्याला म्हणाला म्हणे, माझं भाषण झालं, आता तुम्ही माझ्या मयताच्या भाषणाची तयारी करा. १० जूनला दुपारी तिबर नदीच्या काठाने पायी चालला असताना पाच जणांनी त्याला गाडीत कोंबलं. गंमत अशी (गंमत कसली), की तिथल्या एका इमारतीच्या दरवानाने, हे चोर असतील म्हणून, आधीच त्या गाडीचा नंबर टिपून ठेवला होता. त्या नंबरावरून दोन दिवसांत माग थेट मुसोलिनीच्या कचेरीतल्या माणसांपर्यंत गेला. प्रेत सापडलं १६ ऑगस्टला, रोमबाहेरच्या एका रानात.

इथे तो डळमळला होता. भेटायला येणारे कमी झाले, लोकांच्या कोटाच्या कॉलरवरचे पक्षाचे बिल्ले गायब झाले. विरोधी खासदार सभागृह सोडून बाहेर बसले आणि राजा काहीतरी करील म्हणून वाट पाहू लागले. राजाने पुन्हा काहीच केलं नाही. सिनेटने विश्वास दाखवला, त्यात क्रोचेसारखा तत्त्वज्ञही होता. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनी उभा राहिला आणि म्हणाला, जे झालं त्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक सगळी जबाबदारी माझी, करा काय करायचं ते. कोणी काही केलं नाही. हुकूमशाहीचा वाढदिवस शोधत असाल तर तो हा, २८ ऑक्टोबर नव्हे.

पुढचं माहीतच आहे. पक्ष बंद, पेपर बंद, विरोधक पोंझा-लिपारीसारख्या बेटांवर हद्दपार, कम्युनिस्ट पुढारी ग्राम्शी तुरुंगात. १९२९ ला पोपशी करार. १९३१ ला प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेच्या आसपास प्राध्यापक होते, नाही म्हणाले ते डझनभर. (मी नोकरीत असताना कुठल्या कुठल्या परिपत्रकांवर मुकाट सह्या केल्या ते आठवून या आकड्यावर फार बोलत नाही.) रात्री त्याच्या खोलीतला दिवा जाणूनबुजून जळता ठेवायचे, साहेब देशासाठी जागे आहेत हे चौकातल्या लोकांना दिसावं म्हणून. ऑक्टोबर १९३५ ला इथिओपियावर स्वारी, विमानातून विषारी वायू. राष्ट्रसंघाने निर्बंध घातले पण तेल वगळून! त्याच डिसेंबरात लाखो बायकांनी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या 'पितृभूमीला' दिल्या, बदल्यात पोलादाची अंगठी. राणीने सर्वांत आधी दिली. १९३८ ला ज्यूंविरुद्ध कायदे. १० जून १९४० ला सज्जातून युद्धाची घोषणा. फ्रान्स पडतोच आहे, थोडी माणसं मेली की तहाच्या टेबलाशी खुर्ची मिळेल हा हिशेब. मग ग्रीसमध्ये फजिती, आफ्रिका गेली, रशियात फौज गारद झाली.

आता दुसरं टोक. १० जुलै १९४३ ला दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या, १९ ला रोमवर बाँब पडले. २४ च्या संध्याकाळी फॅसिस्ट महापरिषद बसली, तीही साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा. दिनो ग्रांदी, जो वीस वर्षांपूर्वी बोलोन्यात टोळ्या चालवत होता, त्याने ठराव मांडला: सैन्याची सूत्रं राजाकडे परत जावीत. अंगरख्याखाली हातबाँब लपवून आला होता, इतकी हमी वाटत होती आपल्या दोस्तांची. पहाटे मत घेतलं, १९ जण ठरावाच्या बाजूने. त्यात सख्खा जावई चानो.

२५ जुलै, रविवार, संध्याकाळी पाच. मुसोलिनी नेहमीच्या भेटीला जावं तसा राजाकडे गेला. मतदानाला काही अर्थ नाही असंच समजत होता. राजाने वीस मिनिटांत सांगितलं, तुमच्या जागी मार्शल बादोल्यो आला. बाहेर पायरीवर पोलिसी कप्तान उभा, 'तुमच्या सुरक्षेसाठी' म्हणत त्याला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवलं. मागचं दार लागलं. आणि लाखो सभासदांचा पक्ष, काळ्या सदऱ्यांची हत्यारबंद सेना, 'मुसोलिनी नेहमीच बरोबर असतो' म्हणून भिंती रंगवणारे... एकही गोळी सुटली नाही. रातोरात बिल्ले गटारात. चार दिवसांनी बेटावरच्या कैदेत त्याची साठी झाली. हिटलरने भेट म्हणून नीत्शेचे समग्र ग्रंथ पाठवले.

ज्या हाताने १९२२ ला सही केली नाही, त्याच हाताने १९४३ ला दार दाखवलं. माझा मुद्दा एवढाच होता. मधल्या एकवीस वर्षांत तो हात कुठे होता, हे त्या राजाला इटलीच्या लोकांनीही विचारलं. २ जून १९४६ च्या मतदानात राजेशाहीच गेली.

पारिजातक · रविवार, रात्री १०:२०

दंडवत! पण काका, शेवट गिळलात की. लोरेतो चौक?

अडगळीतला · रविवार, रात्री १०:३१

मुद्दाम. तो भाग सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि तेवढाच तोंडपाठ असतो.

मिलानची_ट्राम · सोमवार, पहाटे २:१५

मी इथे नऊ वर्षं आहे, रोज लोरेतोला मेट्रो बदलते, म्हणून लिहिते. काकांनी अधलं गाळलंय ते आधी: सप्टेंबर १९४३ ला जर्मनांनी त्याला ग्रान सासो डोंगरावरच्या हॉटेलातून ग्लायडर उतरवून सोडवला आणि उत्तरेत गार्दा सरोवराकाठी एक कळसूत्री सरकार थाटून दिलं. तिथून त्याने केलेलं नाव घेण्याजोगं काम म्हणजे त्या १९ मधले जे हाती लागले त्यांना जानेवारी १९४४ ला वेरोनात गोळ्या घालू दिल्या. खुर्चीला बांधून, पाठीत. चानोही त्यात. मुलगी एद्दा बापाला विनवून थकली. एप्रिल १९४५ ला जर्मन ओव्हरकोट आणि हेल्मेट घालून जर्मनांच्याच ट्रकमध्ये लपून पळत होता, २७ ला कोमो सरोवराजवळ दोंगोला पार्टिझनांनी (फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांनी) ओळखला. २८ ला गोळी. २९ ला लोरेतो.

लोरेतोच का, हे कोणी सांगत नाही. १० ऑगस्ट १९४४ ला त्याच चौकात १५ कैद्यांना मारून प्रेतं दिवसभर उन्हात पडू दिली होती, आईबापांनाही जवळ जाऊ दिलं नव्हतं. ते लोक विसरले नव्हते. मुसोलिनी, त्याची प्रेयसी क्लारा पेताच्ची आणि इतरांना पेट्रोलपंपाच्या छताच्या लोखंडी तुळईला उलटं टांगलं तो हाच कोपरा. आज तिथे पंप नाही. गाड्यांची गर्दी, सिग्नल, मोबाईलची दुकानं. त्या १५ जणांचं स्मारक एका कडेला आहे. मी पहिली दोन वर्षं त्याच्यासमोर मैत्रिणींची वाट बघत उभी राहायचे, वाचलं नव्हतं.

ताम्हणघाट · सोमवार, सकाळी ७:५०

माझं सासर माणगाव. तिथे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, पळसगावचे. नाईक, ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, इटलीत वरच्या तिबर खोऱ्यात सेक्शनची सगळी माणसं पडली किंवा जखमी झाली तेव्हा एकटे मशीनगनवर धावून गेले, बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर दस्त्याने लढले, आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस. वय बावीस-तेवीस. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ ला त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलंय. दुसरे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेन्यो नदी. ते जगले. त्या वेळी समोर जर्मन होते हे खरं, पण जमीन त्याच साहेबाची होती. काकांनी लिहिलेली तिबर आणि ही तिबर एकच.

रांगडा_सातारी · सोमवार, सकाळी ११:१०

आमचे आजोबा केरेनला होते, इरिट्रियात. १९४१ चा मार्च. ते 'केरान' म्हणायचे. फ्लॅट टॉप नावाचं टेकाड मराठा पलटणीने घेतलं त्यात ते. इटालियन सैनिक पळपुटे असा विनोद कोणी केला की चिडायचे. "वरून बाँब टाकत होते लेकाचे, घामाने डोळं मिटत होतं, आन् तू म्हणतोस पळपुटे?" केरेन घ्यायला जवळपास दोन महिने लागले होते.

हा धागा वाचून काल त्यांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात एक इटालियन नाणं आहे, २० चेंतेझिमी. साल १९४०, आणि बाजूला रोमन आकड्यांत १८. लहानपणी आम्हाला वाटायचं ती किंमत असेल. आता कळलं, मोर्चापासूनची वर्षं मोजायचे. एका बाजूला बाईचं मुख आणि ती कुऱ्हाडीची मोळी. दुसऱ्या बाजूला मुसोलिनी असेल म्हणून भिंग लावून पाहिलं. नाही. मिशीवाला राजाच आहे.

अडगळीतला · सोमवार, सकाळी ११:२६

सातारकर, हे आधी सांगितलं असतंत तर माझं निम्मं टंकन वाचलं असतं.

मांडवीकाठ · सोमवार, संध्याकाळी ६:३५

उशिरा आलो. तुमचा अ‍ॅम्ब्युलन्समधून गेला, आमचा खुर्चीवरून पडला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार. तो पुरता फॅसिस्ट होता का यावर विद्वान भांडतात. गोव्यात आमच्या घरी कोणी भांडत नसे. साधी लग्नपत्रिका छापायची तर आधी सेन्सॉरकडे न्यावी लागे, आजीच्या लग्नाचीही गेली होती. गोवा १९६१ ला सुटला. तो मात्र लिस्बनला बसूनच होता. १९६८ च्या ऑगस्टात आरामखुर्चीतून पडला, डोक्याला मार लागला, सप्टेंबरात दुसरा पंतप्रधान नेमला. आणि हे त्याला कोणी सांगितलंच नाही! मंत्री येऊन भेटत, हा सूचना देई, ते माना डोलवत. १९७० च्या जुलैत गेला, तोवर देश आपणच चालवतोय याच समजुतीत.

अडगळीतला · सोमवार, संध्याकाळी ६:५२

अहो, यावर वेगळा धागा काढा. सेन्सॉरचा शिक्का मारलेली ती पत्रिका असेल तर फोटोसकट.

मांडवीकाठ · सोमवार, संध्याकाळी ७:०४

पत्रिका मावशीकडे आहे, म्हापशाला. चवथ होऊ दे, मग तिच्याकडून घेऊन लिहितो.